सहा तासांच्या आत

अहिरे ब्रदर कुणाच्या दारात उभे राहिले की आमच्या कॉलनीतल्या बायका आधी त्यांच्या हाताकडे बघायच्या. खाकी कापडी पिशवी असली, तर त्या घरात कुणीतरी आजारी आहे. निळी पेटी असली, तर त्या घरात कुणीतरी गेलं आहे. पिशवी दिसली की "काय हो ब्रदर, कुणाला काय झालं?" अशी विचारपूस व्हायची. पेटी दिसली की खिडक्या लागायच्या. माणूस तोच, चपला त्याच, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्टही तोच. मीसुद्धा खिडकी लावणाऱ्यांतलीच होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी फार भली बाई आहे असा पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको.

निंबा दगा अहिरे. मूळचे बागलाण तालुक्यातल्या नामपूर गावचे. सव्वीस वर्षं एका सरकारी दवाखान्याच्या जळीत वॉर्डात ब्रदर होते. बायको त्याच काळात काविळीने गेली, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर नाशिकरोडला आमच्या कॉलनीच्या बी विंगमध्ये तळमजल्यावर एका खोलीत राहायला आले आणि त्वचा पेढीत काम करू लागले. डोळ्यांची पेढी असते तशी त्वचेचीही असते, हे मला त्यांच्यामुळे कळलं. माणूस गेला की त्याच्या मांड्यांवरून, पायांवरून, पाठीवरून एक पातळ थर काढून घेतात. खूप भाजलेल्या माणसाच्या उघड्या अंगावर तो थर घालतात. तो काही कायमचा चिकटत नाही, पण रोग्याची स्वतःची कातडी लावता येईपर्यंत त्याला जिवंत ठेवतो. फक्त हे सगळं मृत्यूनंतर सहा तासांच्या आत सुरू व्हावं लागतं.

ब्रदर स्वतः मात्र 'त्वचा' म्हणत नसत. "त्वचा जाहिरातीतल्या बायकांना असते मॅडम, माणसाला कातडी असते," असं म्हणायचे. बोलताना ते तुमच्या तोंडाकडे बघत नसत. कोपराकडे, मनगटाकडे, पायात चप्पल नसेल तर टाचेकडे बघत. पाण्याच्या टाकीजवळ आमची पहिली भेट झाली, तेव्हा ना ओळख ना पाळख, मला म्हणाले, "मॅडम, कोपराला तेल लावत जा." मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं ऑपरेटर होते, लोकांची नाना तऱ्हेची बोलणी ऐकलेली. तरी हे ऐकून मी चाटच पडले. घरी येऊन दार लावून घेतलं आणि मुकाट्याने कोपराला तेल लावलं.

मग माझ्या सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या माकडहाडावर एक लाल डाग दिसला. आम्ही शहाण्यांनी तो स्पिरिटने चोळून काढला आणि मेडिकलमधून रबराची गोल रिंग आणून त्यावर त्यांना ठेवलं. पंधरा दिवसांत डागाची जखम झाली आणि खोलीला वास येऊ लागला. तेव्हा आम्हाला बी विंगची आठवण झाली.

ब्रदर आले ते दारातच थांबले. डोळे मिटून दोनदा श्वास घेतला. "नाक आधी, डोळे मग, हात शेवटी," हा त्यांचा क्रम होता. मग सासूबाईंच्या कानाशी वाकून "आजी, मी निंबा. तुमची पाठ बघू का?" असं विचारलं. आम्ही महिनाभर त्यांना उलटंसुलटं करत होतो, पण विचारलं कुणी नव्हतं. जखमेच्या कडेच्या लाल कातडीवर त्यांनी बोट दाबलं आणि उचललं.

"हे बघा. दाबल्यावर पांढरं पडून परत लाल व्हायला पाहिजे. हे लालच राहतंय. म्हणजे इथंही आत काम सुरू झालं. वरून रुपयाएवढं दिसतं मॅडम, आत वाटीएवढं असतं. रिंग कोणी आणली?"

मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे.

"मधलं वाचवायला गेलात आणि भोवतीचं रक्त बंद केलंत. फेका ती."

त्या दिवसापासून चार महिने ते रोज आले. मेलेलं कातडं कात्रीने थोडं थोडं काढायचं, सलाईनने धुवायचं, ओलसर पट्टी ठेवायची. आम्हाला त्यांनी दर दोन तासांनी कूस बदलायची शिक्षा दिली. भिंतीवर कागद लावला: आठला डावी, दहाला उजवी, बाराला डावी. माझा नवरा म्हणाला, "ब्रदर, काही भारी मलम वगैरे?" तर म्हणाले, "मलमानं माझं समाधान होईल. जखम भरेल ती कूस बदलल्यानं." ज्या दिवशी आमची एक पाळी चुकायची, त्या दिवशी ते पट्टी उघडून नुसते आमच्याकडे बघायचे. चोरी कशी कळायची कोण जाणे.

दर सोमवारी ते झेरॉक्सच्या दुकानातलं पारदर्शक प्लास्टिक स्वच्छ पुसून जखमेवर धरायचे आणि पेनाने कड गिरवून घ्यायचे. मग तो कागद सासूबाईंच्या डोळ्यांसमोर धरायचे. स्वतःच्या पाठीवरची जखम रोग्याला दिसत नाही, त्याला नुसतं दुखणं कळतं, म्हणून त्याला दाखवलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या सोमवारी म्हणाले, "आजी, आज हे अख्खं बागलाण आहे. आपण याचं नामपूर करू." दोन महिन्यांनी खरंच नामपूर झालं. सासूबाई तोंडाने तिखट. येईल त्या पाहुण्याला सांगायच्या, "मला न विचारता या मेल्याने माझ्या पाठीवर त्याचं गाव वसवलंय." शेवटी उरलं ते नामपूरचं एसटी स्टँड, आणि एका सोमवारी तेही बुजलं. ब्रदरांनी त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याकडे बसून चहा घेतला. तोवर ते उभ्यानेच पाणी पिऊन जात, आणि त्यांना बसा म्हणायचं आमच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्याच दिवशी सासूबाईंनी विचारलं, "का रे निंबा, माझी कातडी चालेल का तुला? ऐंशी वर्षांची आहे."

"चालते की. जखमेची जागा सोडून घेऊ."

"मग घे. यांना काही विचारत बसू नकोस."

पण विचारावं लागतं. ब्रदरांनी त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतला आणि खालच्या ओळीवर माझ्या नवऱ्याची सही घेतली. 'जवळच्या नातेवाईकाची सही' अशी ती ओळ. आम्हाला म्हणाले, "मेलेला माणूस फॉर्म दाखवायला उठत नाही. फोन करणारं आणि सही करणारं कुणीतरी जितं लागतं. नाहीतर हा नुसता कागद."

पुढे पाच महिन्यांनी सासूबाई सकाळी चहा पिता पिता गेल्या. माझ्या नवऱ्याने फोन केला आणि तासाभरात ब्रदर निळी पेटी घेऊन आले. घरात माणसं जमली होती. एक चुलतसासरे तावातावाने म्हणाले, "अग्नी द्यायच्या आधी बाईची कातडी काढणार? हा काय खाटीकखाना आहे?" ब्रदर तिकडे न वळता माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पाऊण तास द्या. धुतलेली चादर द्या. दाराशी कुणीतरी थांबा." दाराशी मी थांबले. आतून त्यांचा आवाज येत होता. "आजी, आता डावीकडे वळवतो हं. झालं, झालं. आता पाय." चार महिने ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात. मला तेव्हा रडू फुटलं, तोवर फुटलं नव्हतं. दार उघडलं तेव्हा सासूबाई कमरेपासून घोट्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होत्या. एकाही पट्टीची कड वर आलेली नव्हती. दोन तासांनी सगळं जळणार होतं, तरी त्यांनी गाठी आतल्या बाजूला वळवल्या होत्या. चुलतसासऱ्यांना त्यांनी स्वतःहून एका काचेच्या बरणीतला थर दाखवला. कांद्याच्या आतला पापुद्रा असतो ना, तेवढाच. तरी चुलतसासरे अंत्ययात्रेत ब्रदरांच्या शेजारून चालले नाहीत.

हे असंच होतं. त्यांच्या हातचं सगळ्यांना हवं होतं, त्यांचा हात मात्र कुणालाच नको होता. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आमच्या कॉलनीने फार मनावर घेतलेली. बारसं असो, डोहाळजेवण असो, बी विंगच्या तळमजल्याला आमंत्रण नाही. एका सुनेने तर त्यांना आपल्या बाळाकडे बघूसुद्धा दिलं नाही, म्हणे मढ्यांत वावरतात. एका दिवाळीत तिच्याच पुतणीच्या हातात फटाक्याचं झाड फुटलं. घरच्यांनी भाजलेल्या हातावर टूथपेस्ट थापली आणि बोंबाबोंब केली. ब्रदर अनवाणी धावत आले. घाबरले किंवा रागावले की त्यांच्या तोंडून घरची अहिराणी यायची. "नळ कोठे शे? आधी नळ दाखाडा!" असं ओरडत त्यांनी त्या पोरीचा हात नळाखाली धरला तो वीस मिनिटं. मग तिचाच दुसरा हात भाजलेल्या भागावर अधांतरी धरून मोजलं. माणसाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे त्याच्या अंगाचा शंभरावा भाग. "मोठ्या माणसाच्या तळहातानं पोराला मोजू नका, चुकाल," हे तेवढ्यातही त्यांनी बापाला शिकवलं. हात वाचला, डागही राहिला नाही. त्या घरून फराळाचं ताट आलं, पण ते वॉचमनच्या हाती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. पण जळायचं थांबलं की कळायचंही थांबतं, एवढं मात्र मी बघितलं.

त्यांच्याकडे आवर्जून येणारं एकच माणूस मी पाहिलं. दिंडोरीकडची, द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाणारी अलका नावाची बाई. चुलीवर पाणी तापवताना साडीने पेट घेतला आणि छातीपासून गुडघ्यापर्यंत भाजली होती. ब्रदरांनी आणलेल्या कातडीखाली ती महिनाभर तगली, मग तिच्या पाठीची कातडी काढून पुढे लावली. दर वर्षी फेब्रुवारीत ती द्राक्षांचं खोकं घेऊन यायची. "ब्रदर, पहिल्या तोड्याची हायेत, लय गोड." आणि दर वर्षी विचारायची, "आता तरी सांगा, कोणाची व्हती ती कातडी? दिवा लावायला नाव नाय माझ्याकडं." नाव सांगायचं नसतं. ब्रदर तिला म्हणायचे, "दिव्याला नाव लागत नाही." ती गेली की ती द्राक्षं ते कॉलनीत वाटायचे. लोक ती दोन-दोनदा धुऊन खायचे.

एका फेब्रुवारीत ते खोकं घेऊन आमच्याकडे बसले होते. नेहमीसारखे उठले नाहीत. खिशातून एक घडी घातलेला कागद काढून त्यांनी टीपॉयवर ठेवला. त्यांचा स्वतःचा फॉर्म. सगळं भरलेलं, सुवाच्य. जवळच्या नातेवाईकाची ओळ कोरी.

"हजारभर लोकांचे भरून घेतले," म्हणाले. "माझाच पडून आहे."

नामपूरला त्यांचे मोठे भाऊ होते, केदा आप्पा. कांद्याचे व्यापारी. पण त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. कारण मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. वडील गेले तेव्हा आप्पांचा फोन आला. ब्रदर पेढीत होते. घड्याळात बघितलं, नामपूर तीन तास, म्हणजे हातात तीन उरतात, आणि पेटी उचलून गाडीत बसले. घरी पोचले. ओट्यावर वडिलांना ठेवलेलं, आई आधीच गेलेली, बहीण आम्हाला नव्हतीच, आप्पा एकटे उशाशी. आणि हे पेटीसकट आत शिरून म्हणाले, "दादा, अडीच तास राहिलेत."

"दादा उठून उभा राहिला आणि म्हणाला, 'बापनी साल काढाले उना का तू?'" बापाची साल काढायला आलास का. ब्रदर माझ्या कोपराकडे बघत बोलत होते. "त्याचं काही चुकलं नाही मॅडम. मी आधी रडायला पाहिजे होतं. मी आधी घड्याळ बघितलं. पेढीतली सवय. पायाला हात लावला तोही वाकून नमस्कार करायला नव्हे, पाय किती गार पडलाय ते बघायला."

त्यानंतर ते तीन वेळा फॉर्म घेऊन नामपूरला गेले होते. दोनदा आप्पा घरात असून बाहेर आले नाहीत. तिसऱ्यांदा बाजार समितीत गाठलं, तर आप्पांनी त्यांच्यासमोर कांद्याचा ढीग चाचपत पाठ फिरवली.

"मरायची भीती नाही," ते म्हणाले. "एकटा माणूस मेला की दोन दिवसांनी वास आल्यावर दार फोडतात. मी पाहिलीत अशी दारं. माझी कातडी तशी सडून जाईल, एवढंच बोचतं. तुम्ही एक काम कराल का?"

काम असं होतं. सकाळी सहाला, अकराला, दुपारी चारला आणि रात्री नऊला ते मला मिस कॉल देणार. मी उचलायचा नाही. एखादा आला नाही, तर जाऊन बघायचं. खोलीची एक किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "रात्रीचे नऊ तास मोकळे राहतात," म्हणाले, "तेवढं देवावर."

मी हो म्हटलं आणि पस्तावले. तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले, आता निवृत्तीनंतर हा एक न उचलायचा फोन माझ्या गळ्यात. सिनेमा बघत असू तर वाजणार, कुणाच्या केळवणाला गेलो तर वाजणार. माझा नवरा म्हणायचा, "वाजला तुझा भोंगा." मी एकदा वैतागून ब्रदरांना म्हटलंसुद्धा, "दिवसातून दोनदा दिलात तर नाही का चालणार?" ते म्हणाले, "दोनदाचं गणित सहात बसत नाही मॅडम." आणि पुढचे दोन दिवस त्यांनी मिस कॉल इतका आखूड दिला की जेमतेम अर्धी घंटी वाजली. माझा त्रास त्यांनी जेवढा कमी करता येईल तेवढा केला होता. मला माझीच लाज वाटली.

एकदा अकराचा आला नाही. मी पिठाच्या हातांनी धावले, किल्लीने दार उघडलं, तर ब्रदर लुंगी नेसून न्हाणीतून बाहेर येत होते. फोन चार्जिंगला लावायचा राहिला होता. मी हाशहुश करत उभी, आणि ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून खूश झाले. "पस्तीस मिनिटं! छान आहे मॅडम, अगदी वेळेत." मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण त्यांना एवढं हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. नंतर म्हणाले, "कुणीतरी धावत आलं. बरं वाटलं." मग माझ्यासाठी खुर्ची पुसायला लागले.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी अकराचा मिस कॉल आला. चारचा आला नाही. मी दहा मिनिटं थांबले, चार्जिंगला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि किल्ली घेऊन निघाले.

ते पलंगावर कुशीवर होते, भिंतीकडे तोंड करून. पंखा चालू होता. मी हाक मारली, मग खांद्याला हात लावला. तळमजल्यावरच राहणाऱ्या डॉक्टरांना माझ्या नवऱ्याने बोलावून आणलं. हृदय बंद पडलं, झोपेतच, दोनेक तास झाले असावेत, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दाखला लिहिला. मी पेढीत फोन केला. मेघा सिस्टर बोलत होती. ब्रदरांच्या हाताखाली शिकलेली मुलगी. तिने एक हुंदका दिला, आणि लगेच विचारलं, "काकू, ते जिवंत असल्याचं शेवटचं कधी कळलं?"

"अकराला."

"मग आम्हाला अकरापासूनच धरावं लागतं. पाचच्या आत सुरू व्हायला हवं. मी निघाले. सहीचं बघा तुम्ही."

चार पंचवीस झाले होते. फॉर्म कपाटात वरच्या फळीवर होता, त्याला आप्पांचा नंबर टाचलेला. मी फोन लावला. पलीकडे लिलावाचा गलका होता. मी कोण ते सांगितलं, आणि निंबाभाऊ गेले असं सांगितलं. गलका तसाच चालू राहिला. आप्पा बहुतेक चालत चालत बाजूला गेले, कारण आवाज हळूहळू कमी झाला.

"कव्हय?"

"दुपारी. झोपेत."

"जोडे कोन व्हतं?"

"कुणी नव्हतं, आप्पा."

मी त्यांना फॉर्मबद्दल सांगितलं, पाचची वेळ सांगितली, तुम्ही येईपर्यंत वेळ निघून जाईल, फोनवर हो म्हणालात तरी आमच्या मनाला आधार होईल, असंही सांगितलं. बोलताना माझा आवाज ऑपरेटरसारखा कोरडा झाला होता, तो मलाच ऐकू येत होता.

"माले नका इचारू, बाई," आप्पा म्हणाले. "मी बापना येळले नाही म्हनेल शे. आते कोनता तोंडवरी हा म्हनू? तुम्ही काय ते करा. मी निंघी राहिनू." फोन ठेवणार असं वाटलं, तेवढ्यात पुन्हा म्हणाले, "मी येवालोंग त्याले एकला नका सोडू."

मेघा पावणेपाचला पोचली. पेढीतला जोडीदार दुसऱ्या कामावर सिन्नरला गेलेला, सोबत फक्त गाडीचा ड्रायव्हर. तिने पेटी उघडली, हातमोजे काढले आणि फॉर्म हातात घेतला. कोरी ओळ बघितली. तिच्या खाली आणखी एक ओळ होती, 'मृताशी नाते'.

"भाऊ?" तिने विचारलं.

"निघालेत. फोनवर म्हणाले, तुम्ही काय ते करा."

"तुम्ही शेजारी, ना? शेजारी चालत नाही, काकू." हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी तिच्या हातातून पेन घेतलं. सही केली. खालच्या ओळीत 'बहीण' लिहिलं. साक्षीदार म्हणून माझ्या नवऱ्याने सही केली, आणि एरवी कागदाचा शब्दन् शब्द वाचल्याशिवाय सही न करणाऱ्या त्या माणसाने तो कागद वाचलाही नाही. मेघाने मात्र वाचला. ब्रदरांना बहीण नव्हती हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. मी फार मोठं काही केलं असं मला वाटत नाही. ते जिवंत असताना मी त्यांच्यासाठी मॅडमच राहिले. दिवाळीला एकदाही जेवायला बोलावलं नाही. त्यांचे मिस कॉल मोजून घेतले. हे मला बोचतं आणि बोचत राहावं.

"वेळ लिहा," मेघा म्हणाली.

मी चार बावन्न लिहिलं.

केदा आप्पा साडेसातला आले. अंगाला बाजारातल्या कांद्याचा वास, टोपी हातात. ब्रदरांच्या पट्टी बांधलेल्या पायांवर त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मग मला हळूच विचारलं, "त्याले दुखनं नाही ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी खूप रडून घेतलं. त्यांना कुठेही जायची घाई नव्हती.

पण मला ब्रदर आठवतात ते त्याआधीचे. सही झाल्यावर मेघा दार लावून घेणार होती. मी म्हटलं, मी आत थांबते, त्यांना एकटं सोडू नका असं त्यांच्या भावाने सांगितलंय. सासूबाईंच्या जखमेकडे चार महिन्यांत मी एकदाही सरळ बघितलं नव्हतं, पट्टी सुटली की तोंड फिरवायचे. मेघा म्हणाली, "पाठ स्वच्छ करेपर्यंत थांबा, मग बाहेर जा. वळवायला मला हात लागेलच." तिने बनियन कात्रीने कापलं. आम्ही दोघींनी त्यांना कुशीवर धरलं.

घामोळ्याची पावडर लावलेली होती. सकाळीच आंघोळीनंतर लावली असणार. खांद्यांवर, मानेखाली, वरून हात जितका खाली जाईल तिथपर्यंत. आणि कमरेपाशी, खालून हात जितका वर येईल तिथपर्यंत. मधला वीतभर पट्टा तसाच होता. तिथे घामोळं उठलेलं होतं, खाजवायला पोचता न आलेलं. हजारो माणसांच्या पाठी ज्याने उलटून बघितल्या, त्याची पाठ कित्येक वर्षांत कुणी बघितली नव्हती.

मेघाने माझ्या हातात ओला बोळा दिला. "पावडर पुसून घ्या काकू, मग मी सुरू करते."

मी वरची पुसली, खालची पुसली. मधे पुसण्यासारखं काही नव्हतं. तिथेही पुसलं.